तीन बोटं आत

नेरेइदाच्या कमरेभोवती टेप फिरवून ओब्दुलियानं दोन्ही टोकं चिमटीत धरली, आकडा वाचला आणि तशीच वाकून राहिली. साडेएकतीस. जानेवारीत कापड बेतण्याआधी हीच कंबर चौतीस भरली होती, आणि आता मार्चचा दुसरा आठवडा चालू होता. बाहेर सव्विसाव्या रस्त्यावर बर्फाचा काळपट चिखल झालेला, दुकानाच्या काचेवर आतून वाफ धरलेली, कोपऱ्यातला हीटर टकटक करत होता. जग जसं होतं तसंच होतं, फक्त अडीच इंच कमी झाले होते. 'बारीक झालीस गं, बरं केलंस,' हे वाक्य तिच्या जिभेपर्यंत आलं. ओठांत चार टाचण्या धरलेल्या होत्या म्हणून ते बाहेर पडलं नाही. नंतर कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं की टाचण्या नसत्या तर आपण ते बोललोच असतो, हसून, तिच्या पाठीवर थोपटून. एकोणीस वर्षांपूर्वी हिच्या आईला, कूकाला, आपण म्हणालो होतो अगदी तसंच. माणूस एकच चूक दोनदा करतो तेव्हा दुसऱ्यांदा त्याचा आवाज अधिक गोड असतो.

नेरेइदा आरशात बघत होती. अंगावर जांभळं साटीन, अजून बाह्या न लावलेलं, खालचा काठ मोकळा. तिची मुलगी दानिया मेमध्ये पंधरा वर्षांची होणार होती. मुलगी मोठी झाल्याचा सोहळा, त्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना, मग हॉलमध्ये नाच, आणि फोटोत मुलीशेजारी आई. कितीचं भरलं, असं तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगू लागली की पाच आठवडे सकाळी सेलरीचा रस पितेय, गाईसारखं वाटतं, पण फोटो काय पुन्हा पुन्हा निघतात? ओब्दुलियानं टाचण्या एक-एक करून ओठांतून काढल्या आणि मनगटावरच्या उशीत खोचल्या. सेलरीचा रस. असेलही. कूका तेव्हा म्हणाली होती, कारखान्यात शिफ्ट वाढवलीय, जेवायला वेळ होत नाही. कारण प्रत्येक वेळी असतंच. कारण नसलेलं बारीक होणं तिनं आजवर एकही पाहिलं नव्हतं.

तेव्हाचा ड्रेस हिरवा होता. नेरेइदाच्या पंधराव्या वर्षाच्या सोहळ्यासाठी तिच्या आईचा. कूका आणि ओब्दुलिया एकाच गावच्या, मेक्सिकोतल्या मिचोआकानमधल्या. एकाच बसनं निघालेल्या, शिकागोत एकाच खोलीत पहिला हिवाळा काढलेल्या, एकाच चॉकलेटच्या कारखान्यात उभ्या राहिलेल्या. नेरेइदा झाली तेव्हा बाप्तिस्म्याच्या पाण्यावर तिला ओब्दुलियानं धरलं होतं, आणि त्या क्षणापासून त्या दोघी एकमेकींना नावानं हाक मारायच्या थांबल्या. कोमाद्रे, एका मुलीच्या दोन आया. नेरेइदासाठी ओब्दुलिया माद्रिना, धर्ममाता. हिरवा ड्रेस तीनदा उसवला. पहिल्यांदा एक बोट आत घेतला, महिन्याभरानं आणखी एक, सोहळ्याच्या आदल्या आठवड्यात तिसरं. तिन्ही वेळा ओब्दुलिया म्हणाली, कोमाद्रे, दृष्ट लागेल, नवरीसारखी दिसायला लागलीस. तिसऱ्या वेळी कूकानं टेबलाची कड धरली होती. मग अगदी सहज, बटणांबद्दल बोलावं तशी म्हणाली होती की पाळी गेली असं वाटतं आणि परत येते, अवेळी डाग पडतात, वयच तसं असेल. आणि ओब्दुलिया म्हणाली होती, माझ्या आईचंही तसंच होतं. कूका तेव्हा अडतीस वर्षांची होती. ओब्दुलियाच्या आईला ते झालं तेव्हा ती पन्नाशीची होती. हा हिशोब तिला त्याच क्षणी करता आला असता, दिवसभर इंच मोजणाऱ्या बाईला. पण तिनं ते वाक्य उचललं, दुमडलं आणि आतल्या बाजूला शिवून टाकलं. बाहेरून काही दिसेना. सोहळ्यात कूका लेकीबरोबर नाचली. चार महिन्यांनी तो हिरवा ड्रेस तिच्याबरोबर शवपेटीत गेला, तेव्हा तो आणखी आत घ्यावा लागला नाही. पाठीमागून सरळ कापला, कुणी बघणार नव्हतं. हॉस्पिटलमधला डॉक्टर म्हणाला होता की गर्भाशयाच्या तोंडाशी हे बरीच वर्षं होतं, सुरुवातीला सापडलं असतं तर काढून टाकता आलं असतं, ते काम थोड्या वेळाचं असतं.

"शेवटचं कधी दाखवलंस?" ओब्दुलियानं विचारलं.

"काय दाखवलं?"

"खालचं. ती तपासणी."

आरशातल्या नेरेइदाचे हात कमरेवरून खाली आले. दुकानात त्या दोघीच नव्हत्या. खिडकीजवळच्या खुर्चीत टेन्चाबाई, सगळ्यांची दोन्या टेन्चा, बसली होती, स्कर्टची चेन बदलायला आलेली, हातात अर्धा खाल्लेला कोंचा, पावाची साखर मांडीवर. चर्चमधल्या फुलांचं आणि रस्त्यावरच्या बातम्यांचं काम तिच्याकडे होतं. ओब्दुलियाला ती तिथं आहे हे माहीत होतं. तरी तिनं आवाज खाली आणला नाही. का नाही, ते तिला स्वतःलाही नीट कळलं नाही. नेरेइदा म्हणाली, दानियाच्या वेळी. म्हणजे पंधरा वर्षं. मग म्हणाली, वेळ नाही, बेकरीतली मालकीण तासाचीही सुट्टी देत नाही. मग म्हणाली, काही दुखत नाहीये. आणि या तिन्ही गोष्टी म्हणून झाल्यावर, आरशाकडे नव्हे तर जमिनीवर पडलेल्या कापडाच्या चिंध्यांकडे बघत म्हणाली, "आई चालत गेली होती माद्रिना, तपासायला. स्वतःच्या पायांनी, लिपस्टिक लावून. त्या टेबलावर झोपली आणि मग तिला झालं. मला ठाऊक आहे तसं नसतं. पण मला आजही तसंच वाटतं."

ओब्दुलिया पुस्तकं वाचणारी नव्हती, तिला वाक्यं सुचत नसत. तिला शिवणं सुचायचं आणि उसवणं सुचायचं. ती नेरेइदाच्या मागे गेली, पाठीवरची तात्पुरती शिवण बोटानं धरली आणि धावदोरा एका झटक्यात ओढून काढला. जांभळं साटीन दोन्ही खांद्यांवरून सैल पडलं. "काढ," ती म्हणाली. "तपासून आल्याशिवाय हा पुरा करणार नाही मी. बाह्याही नाहीत, काठही नाही. दुसऱ्या कुणाकडून शिवायचा तर घेऊन जा. पण माझं कापलेलं दुसरी कुणी जोडू शकत असेल तर मी दुकान बंद करते."

नेरेइदा चिडली. चिडल्यावर ती हुबेहूब कूका दिसायची, वरचा ओठ ताणलेला. अंतर्वस्त्रांवर उभी राहून, ड्रेस छातीशी धरून तिनं विचारलं, "आणि तू? तू कधी गेली होतीस?"

उत्तर टेन्चानं दिलं. "तिला कशाला पाठवतेस? नवरा जाऊन बारा वर्षं झाली बिचारीचा. विधवा बाई त्या दारात दिसली तर लोक विचारतील, कुणासाठी गं?" आणि ती हसली, वाईट हेतूनं नव्हे, साखर झटकावी तशी. नेरेइदाही क्षणभर हसली. मग तिनं कपडे घातले आणि ड्रेस तिथंच खुर्चीवर टाकून निघून गेली. दाराची घंटा बराच वेळ हलत राहिली.

ती तपासणी ओब्दुलियानं नवरा, एलिसेओ, जायच्या आधी कधीतरी केली होती. किती आधी, ते आठवत नव्हतं. पण तिच्याकडे तिची स्वतःची तपासणी होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती. दर एक जानेवारीला, मक्याचे तमाल वाफवायला ठेवले की आरशासमोर उभी राहून ती स्वतःच्या कमरेला टेप लावायची आणि मापांच्या वहीत शेवटच्या पानावर आकडा लिहायची. छत्तीस. छत्तीस. एका वर्षी साडेछत्तीस, मग परत छत्तीस. कूका गेली त्या वर्षापासून. तिला वाटायचं, येईल तेव्हा टेपला कळेल. आपण एकदा फसलो, दुसऱ्यांदा बोटं फसणार नाहीत. एकोणीस आकडे एकाखाली एक, कवायतीला उभे राहिल्यासारखे. देवावर तिचा विश्वास होता, पण तो टेपवरच्या विश्वासाएवढा रोजचा नव्हता. आणि टेन्चाच्या त्या 'कुणासाठी'मागे आणखी एक गोष्ट होती. एलिसेओनंतर चार वर्षांनी तीन रविवार आले होते. बटणांचा घाऊक व्यापारी, पुएब्लाकडचा, हात कोरडे आणि उबदार. तीनच रविवार, मग तो टेक्ससला गेला. तिला पश्चात्ताप नव्हता. पण त्या टेबलावर पाय वर केले की ते तीन रविवार आत कुठंतरी लिहिलेले सापडतील आणि कुणीतरी मोठ्यानं वाचेल, ही भीती इतकी मूर्खपणाची होती की ती तिनं स्वतःलाही कधी पूर्ण सांगितली नव्हती.

क्लिनिक चर्चच्या समोरच होतं. पुढच्या बाजूला पूर्ण काच, आत खुर्च्यांची रांग. चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की आतलं सगळं दिसे. म्हणून त्या भागातल्या बायका मागच्या गल्लीतून जात, कचऱ्याच्या डब्यांच्या मधून, सामान उतरवायच्या दारानं. ते दार कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. फक्त बायकांना ते माहीत होतं, जसं कुठल्या दुकानात उधार मिळतं ते माहीत असतं. शनिवारी ओब्दुलियाही गल्लीतच वळली. पुढे दोन बायका चालल्या होत्या, डोक्यावरून शाल ओढून. एकीला ती ओळखत होती, तिच्या लग्नाचा ड्रेस तिनंच शिवला होता, छत्तीस-अठ्ठावीस-अडतीस. त्या बाईनं वळून पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. डब्यांमधून आंबट वास येत होता. बर्फाच्या पाण्यात कोबीची पानं तरंगत होती. ओब्दुलियाच्या मनात आलं, कूका याच गल्लीतून गेली असेल. लिपस्टिक लावून, या डब्यांमधून. आणि जे वर आलं ते दुःख असेल असं तिला वाटलं होतं पण ते दुःख नव्हतं, तो राग होता, साधा, स्वच्छ, उपाशी माणसाच्या भुकेसारखा. आपण काय चोरलंय? कुणाचं? ती मागे वळली, गल्लीतून बाहेर आली, कोपरा ओलांडला आणि चर्चच्या पायऱ्यांवर लग्नाचे तांदूळ झाडणाऱ्या माणसाला हात करून पुढच्या दारानं आत गेली.

आत मिरेया होती, तीच तरुण नर्स, जी वर्षभर दुकानात पत्रकं आणून ठेवत होती. ओब्दुलिया ती पत्रकं उलटी करून कोऱ्या बाजूवर बाह्यांचे नमुने काढायची. कागद जाड होता. हे तिनं कबूल केलं तेव्हा मिरेया म्हणाली, निदान कुणाच्या तरी दंडापर्यंत तरी पोचली. अर्जावर एक प्रश्न होता, आयुष्यात आजवर किती पुरुष. ओब्दुलियानं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं आणि दोन लिहिलं. एक एलिसेओ, एक तीन रविवार. कागद हातात घेताना मिरेयानं त्या आकड्याकडे लग्नाच्या तारखेकडे बघावं तितकंच बघितलं. मग ओब्दुलियानं टेपचं सांगितलं, छत्तीसचं, नेरेइदाच्या साडेएकतीसचं. मिरेयानं ऐकून घेतलं.

"दोन्या ओब्दुलिया, टेपला कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो," ती म्हणाली. "आम्ही शोधतो ते दुखत नाही, दिसत नाही, बारीकही करत नाही. काहीच वाटत नसतं तेव्हाच यायचं असतं."

"पण मी बारा वर्षं विधवा आहे."

"हे होतं ते पुरुषाकडून आलेल्या विषाणूनं, आणि तो विषाणू वीस-वीस वर्षं गप्प बसून राहतो. त्याला तुमच्या नवऱ्याच्या मयताचं आमंत्रण गेलेलं नसतं."

पडद्यामागे कागदी झगा ठेवलेला होता. ओब्दुलियानं तो उलगडला आणि आयुष्यात इतकं वाईट बेतलेलं काही पाहिलं नव्हतं असं तिला वाटलं. बाह्या म्हणजे दोन भोकं, पुढं की मागं ते कळेना, बांधायची नाडी एकाच बाजूला. हा कागद अंगावर घेऊन बाईनं उघडं, थंडीनं काटा आलेलं, वाट बघत बसायचं. मनगटावरची टाचण्यांची उशी ती काढायला विसरली होती, रोजच विसरायची. तिनं झगा पाठीमागं दुमडला, खांद्यावर एक चुणी घेतली, कमरेशी दोन, आणि सात टाचण्यांत त्याला आकार आणला. मिरेया आत आली, बघत राहिली आणि म्हणाली की हे काढताना मला टोचणार नाही ना. बाकीचं थोड्या मिनिटांत झालं. थंड होतं, दाबल्यासारखं वाटलं, छतावर पाण्याचा एक डाग होता, मेक्सिकोच्या नकाशासारखा, खालचा भाग जरा लांबलेला. तीन रविवार कुणी वाचले नाहीत.

बारा दिवसांनी फोन आला. मिरेयाच बोलत होती, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून. काही पेशी बदललेल्या दिसताहेत. हा कॅन्सर नाही, पण तो व्हायच्या वाटेवरची गोष्ट असू शकते. जवळून बघायला हवं, भिंगातून, आणि एक छोटा तुकडा काढून पाठवायचा. शनिवारी दहा वाजता. ओब्दुलियानं हो म्हटलं, फोन ठेवला, दुकानाच्या दाराला कडी लावली आणि आरशासमोर उभी राहून ब्लाउज वर केला. टेप फिरवला. छत्तीस. पुन्हा, थोडा वर. छत्तीस. कधी नव्हे इतका बरोबर छत्तीस. ती टेपच्या पिवळ्या पट्टीकडे बघत राहिली, ज्यावरचे पहिले दहा इंच बोटांनी पुसून गेले होते. एवढी वर्षं मी तुला विचारत होते आणि तू मला माझा आकार सांगत होतास. मग तिला वाटलं की भीती वाटायला हवी. ती वाटतच होती. पण तिच्यावर बसलेली दुसरी गोष्ट, नेरेइदाच्या साडेएकतीसची, जास्त वजनदार होती. तिनं कडी काढली.

दुपारी नेरेइदा आली. दोन आठवडे ती आली नव्हती, फोन उचलत नव्हती. सोहळा पाच आठवड्यांवर होता. ती दारातच उभी राहून, विनवणीचा सूर लागू नये म्हणून जरा तुटक आवाजात म्हणाली की दानिया रोज विचारते, आई तुझा ड्रेस कुठाय. टेन्चा होतीच, चेन लागलेली होती तरी होती. आणखी दोघीजणी, आई-मुलगी, कापड दाखवायला आलेल्या. ओब्दुलियानं मशीनवरचा पाय उचलला. चार बायका, हीटरची टकटक. कूकाला तिनं सांगितलं होतं, माझ्या आईचंही तसंच होतं. ते वाक्य एकोणीस वर्षं शिवणीत होतं. तिनं ते उसवलं.

"मी जाऊन आले. पुढच्या दारानं. काहीतरी सापडलंय माझ्यात," ती म्हणाली. "छोटं आहे, म्हणतात. शनिवारी दहाला परत जायचंय. आज कंबर मोजली मी, छत्तीस. एकोणीस वर्षांपूर्वी होती तेवढीच. टेपला काही कळलं नाही, नेरेइदा. तुझं बारीक होणं सेलरीचं असेल, तुझ्या आईचं नव्हतं, आणि मला दोन्हींतला फरक हातानं ओळखता येत नाही. म्हणून तू जायचंस." मग ती खिडकीकडे वळली. "तू विचारत होतीस ना टेन्चा, कुणासाठी गेली म्हणून? माझ्यासाठी गेले. सांग सगळ्यांना. फुलं लावताना सांग."

आई-मुलीतल्या आईनं कापडाची घडी मोडून पुन्हा तशीच घातली. नेरेइदाचा वरचा ओठ ताणला गेला, मग सुटला, आणि ती निघून गेली. टेन्चानं मांडीवरची नसलेली साखर झटकली आणि अगदी हळू, इतक्या वर्षांत ओब्दुलियानं तिचा तो आवाज ऐकला नव्हता, विचारलं की त्या पुढच्या दाराला पायऱ्या किती आहेत, गुडघे चढू देत नाहीत तिला.

शनिवारी ओब्दुलिया नऊ वाजताच जाऊन काचेजवळच्या खुर्चीत बसली. मांडीवर जांभळं साटीन घेऊन. बाह्या तिनं रात्रीच लावून टाकल्या होत्या. दिलेला शब्द मोडला होता, पण काठ राखून ठेवला होता. समोर चर्चच्या पायऱ्यांवर बाप्तिस्म्याला आलेली मंडळी उभी होती, पांढऱ्या झग्यातलं बाळ कुणाच्या तरी हातावर, बहुतेक धर्ममातेच्या. लोक काचेतून बघत होते. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. ओब्दुलियानं साटीन असं पसरलं की रस्त्यापलीकडूनही त्याचा रंग दिसावा, सुई ओवली आणि काठ दुमडायला सुरुवात केली. बघा. बाई बसलीय. तिला जे झालंय ते तिचं आहे, आणि ते लाजेचं नाही. टाके जरा लांब पडत होते. नंतर उसवून परत घालावे लागणार होते. नेरेइदा येईल की नाही हे तिला माहीत नव्हतं. तिनं शब्द दिला नव्हता. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर दिलेला शब्द ओब्दुलियाचा होता, आणि तो काही शिवण्या-उसवण्यातला नव्हता.

दहाला दहा मिनिटं असताना ती दिसली. रस्त्यापलीकडे, बेकरीच्या दारात, अंगावर कामाचा पांढरा एप्रन, पीठ कोपरापर्यंत. ती काचेकडे बघत होती. मग गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. गल्ली जवळ होती, वीस पावलं. ओब्दुलियानं सुई थांबवली नाही, हात केला नाही, मानही उचलली नाही. फक्त काठ धरून बसली. नेरेइदानं एप्रन सोडला, बेकरीच्या दाराच्या मुठीला अडकवला आणि बाप्तिस्म्याच्या मंडळींच्या मधून, त्यांना वाट द्यायला लावत, सरळ रस्ता ओलांडला. दारातून आत आली तेव्हा तिच्याबरोबर यीस्टचा वास आला. तिनं काउंटरवर नाव सांगितलं, आणि आईचं काय झालं होतं त्या रकान्यापाशी पेन अडलं, तेव्हा ओब्दुलियाकडे न बघता तिनं ते लिहिलं. मिरेयानं तिलाही दहालाच आत घेतलं. दोन पडदे शेजारी-शेजारी होते.

ओब्दुलिया आपल्या पडद्यामागे उभी होती, कागद हातात घेऊन. शेजारून बराच वेळ कागदाचा चुरचुर आवाज येत राहिला, फाटल्यासारखा. मग पडद्याखालून एक हात पुढं आला, तळवा वर, मनगटाला अजून पीठ लागलेलं.

"माद्रिना," नेरेइदा म्हणाली, "टाचण्या आहेत का गं? हे मागून बंदच होत नाहीये."

ओब्दुलियानं मनगटावरच्या उशीतून सात टाचण्या मोजून काढल्या आणि त्या हातावर ठेवल्या.